ख्रिस्तीबाईंचं पहिलं पुस्तक आणि आमच्या गच्चीवरची मतं

तर झालं असं की आमच्या रविवारच्या ग्रुपमधल्या एका पोरानं कादंबरी लिहिली. पहिलीच, आणि खुनाची. हळदीच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, प्रेत सापडतं तिथनं सुरू होते, एकशे ऐंशी पानं आहेत, स्पायरल बाइंडिंग करून त्यानं आम्हा सगळ्यांना एकेक प्रत दिली, झेरॉक्सचे पैसे स्वतःच्या खिशातनं घालून. मग दोन रविवार तो काकूंच्या गच्चीच्या कठड्याला टेकून आम्ही काय बोलतोय याची वाट बघत बसला. आम्ही काय बोललो तर छान आहे, फ्लो मस्त आहे, शेवट आवडला. बास. तिसऱ्या रविवारी तो आलाच नाही.

मला खरंच फार वाईट वाटलं. दीड वर्ष तो पोरगा नोकरी सांभाळून रात्री लिहीत होता हे मला माहीत होतं, कारण आमचं मेडिकल सांगलीत विश्रामबागेत आहे आणि शटर ओढायच्या वेळेला तो कधीकधी डोकेदुखीची गोळी न्यायला यायचा, डोळे लाल असायचे. आणि माझ्याकडं बोलायला काही नव्हतं असंही नाही. त्याच्या कादंबरीत एक माणूस झोपेच्या गोळ्या घेऊन पाच मिनिटांत गार होतो, तसं होत नाही, मी रोज ती औषधं हाताळते, मला वाचतानाच खटकलं होतं. पण पोरगं नाराज होईल म्हणून गप्प बसले. काकू (त्या आमच्या इथल्या शाळेत इंग्रजीच्या बाई होत्या, आता रिटायर, गच्ची त्यांचीच) त्या रविवारी भडंगाचा डबा उघडायच्या आधीच म्हणाल्या, "आपण त्याला फसवलं गं." आणि मग त्यांनीच सुचवलं की आधी दुसऱ्या कुणाचंतरी पहिलं पुस्तक वाचू, जिथं कुणाला लागायची भीती नाही, तिथं मत द्यायला शिकू, आणि मग त्याच्याकडं जाऊ.

म्हणून अगाथा ख्रिस्तीचं पहिलं पुस्तक, द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स. त्या पोराला फोन करून बोलवून घेतलं, तो आला, थोडा तोंड पाडूनच.

वाचायच्या आधी मी जरा ते पुस्तक कसं आलं ते शोधलं आणि तिथंच अडकले. १९१६ साली लिहिलंय. पहिलं महायुद्ध चालू, ही बाई पंचविशीतली, इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या रेडक्रॉस हॉस्पिटलात आधी नर्सिंग करायची आणि मग तिथल्या डिस्पेन्सरीत, म्हणजे औषधं बनवून द्यायच्या खोलीत. १९१७ मध्ये तिनं त्याची रीतसर परीक्षासुद्धा पास केली. थोरल्या बहिणीशी बोलणं झालं होतं की तुला काही डिटेक्टिव्ह गोष्ट लिहिता यायची नाही, ते डोक्यात होतंच. डिस्पेन्सरीत कधी कामाचा डोंगर तर कधी तासन्‌तास रिकामं, आणि भोवती कपाटंच्या कपाटं विषांनी भरलेली. हे वाचताना मी काउंटरवर बसले होते, माझ्या मागं शेड्यूल एचची, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात त्या औषधांची कपाटं. मला ती बाई एकदम शेजारची वाटायला लागली. गावात बेल्जियमचे निर्वासित आले होते, त्यातनं तिला तो अंडाकृती डोक्याचा, मिशीवाला डिटेक्टिव्ह पॉयरो सुचला. पुस्तक अर्ध्यात अडकलं तेव्हा आईनं सांगितलं की सुट्टी घे आणि कुठंतरी जाऊन पूर्ण कर, मग ती डार्टमूरच्या माळावर एका हॉटेलात पंधरा दिवस राहिली, सकाळी लिहायचं आणि दुपारनंतर माळावर एकटीनं चालत पात्रांचे संवाद स्वतःशी बोलत फिरायचं. मी हे त्या पोराला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा नीट बोलला, म्हणाला, "मी पण हरिपूरच्या रस्त्यानं असंच बोलत जातो ताई, लोक बघतात."

पुढं काय, तर प्रकाशकांनी परत पाठवलं. एकानं, दुसऱ्यानं. मग बॉडली हेडच्या जॉन लेनकडं ते दोनेक वर्षं नुसतं पडून राहिलं, तिनं आशाही सोडलेली, आणि मग बोलावणं आलं. १९२० च्या ऑक्टोबरात अमेरिकेत आणि १९२१ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये पुस्तक निघालं. पैसे किती मिळाले, पंचवीस पौंड, ते पण पुस्तकाचे नाहीत, एका साप्ताहिकात क्रमशः छापलं त्यातला तिचा निम्मा वाटा. रॉयल्टी दोन हजार प्रतींनंतर सुरू होणार होती आणि प्रती खपल्या दोन हजाराच्या आसपास. वर पुढची पाच पुस्तकं त्यांनाच द्यायची हे करारात. कॉनन डॉयलला होम्सच्या पहिल्या कादंबरीचे सगळे हक्क विकून १८८६ साली पंचवीस पौंडच मिळाले होते, हा आकडा जुळलेला बघून मला उगाचच गलबलून आलं.

आता मतं. खुनी कोण ते मी सांगणार नाही, निर्धास्त वाचा.

गोष्ट एवढीच की आघाडीवरनं जखमी होऊन आलेला हेस्टिंग्ज मित्राच्या खेड्यातल्या बंगल्यावर राहायला जातो, घराची मालकीण म्हणजे मित्राची सावत्र आई, सत्तरीची, पैसेवाली, आणि तिनं नुकतंच आपल्याहून वीस वर्षांनी लहान, काळ्या दाढीवाल्या माणसाशी लग्न केलंय. घरात सगळ्यांच्या पोटात दुखतंय. एका रात्री तिच्या बंद खोलीतनं आवाज येतो, दार फोडतात, आणि ती सगळ्यांसमोर झटके येऊन जाते. स्ट्रिक्निन.

वकीलसाहेब आमच्यात सगळ्यात शांत. सांगलीच्या कोर्टात चाळीस वर्षं झाली. ते म्हणाले की वारसाहक्काचा भाग बाईनं चोख लिहिलाय, दुसरं लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं हा इंग्लंडचा कायदा तिनं अगदी नेमका वापरलाय, आपल्याकडं हिंदूंना तसं नाही. आणि म्हणाले कायद्याची अजून एक बारीक गोष्ट आहे, सगळं कथानक तिच्यावर तोललेलं आहे, मला पन्नासाव्या पानावरच शंका आली होती पण मी तुम्हाला सांगितलं नाही. खटल्याचं प्रकरण त्यांना आवडलं, बचावाचा वकील संशय कसा हळूच दुसरीकडं सरकवतो ते त्यांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. तेव्हा मी त्यांना सांगितलं की मूळ हस्तलिखितात पॉयरो सगळा उलगडा कोर्टात, साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून करतो. वकीलसाहेब पटकन म्हणाले, "शक्यच नाही! साक्षीदारानं विचारलं तेवढंच बोलायचं. असं व्याख्यान द्यायला लागला तर जज पहिल्या मिनिटात थांबवतील." आणि जॉन लेन नेमकं हेच म्हणाला होता, की कोर्टाचा सीन पटत नाही, बदला. तिनं बदलला. सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करून पॉयरोनं सांगायचं असं केलं. आता विचार करा, एका वाचकानं एक खटकलेली गोष्ट तोंडावर सांगितली, आणि पुढं किती वर्षं, किती पुस्तकांत, सगळे संशयित एका खोलीत बसलेत आणि डिटेक्टिव्ह बोलतोय. आमच्यासारखं "छान आहे" म्हणून सोडलं असतं तर?

मी हे बोलले आणि गच्चीवर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

फौजदार मामांना पुस्तक तितकं आवडलं नाही. ते रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण अजून बोलतात तपासाच्याच भाषेत. "ओ, ह्यो गडी खोलीत शिरतोय, कापडाचा धागा उचलतोय, कपाचा चुरा गोळा करतोय, लिफाफ्यात घालून खिशात टाकतोय. पंच कुठं हायत? पंचनामा कुठं हाय? कोर्टात ह्यातलं काय टिकंल सांगा की." आणि पॉयरो शेवटपर्यंत माहिती स्वतःपाशी ठेवतो याचा तर त्यांना रागच आला, म्हणाले एवढ्यात आणखी एखादा मेला असता तर जबाबदार कोण. पण चौकशीचं प्रकरण, म्हणजे कोरोनरपुढची (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढची) सुनावणी, ते त्यांनी मन लावून वाचलं होतं. आपल्याकडं कोरोनर फक्त मुंबई-कलकत्त्याला असायचा, मुंबईतला पण १९९९ मध्ये बंद झाला, बाकी महाराष्ट्रात एडी (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल करायची, इन्क्वेस्ट म्हणजे प्रेताचा पंचनामा करायचा, व्हिसेरा (पोटातले अवयव) राखून ठेवायचा आणि सीए रिपोर्टची, म्हणजे सरकारी रासायनिक तपासणीच्या अहवालाची वाट बघायची. एकदा एका विषाच्या केसमध्ये रिपोर्ट येईपर्यंत साक्षीदार गाव सोडून गेले होते, ते त्यांनी सांगितलं, आणि मग स्वतःच म्हणाले की बाईच्या पुस्तकात दोन दिवसांत सगळं कळतं हे बघून जीव जळला. हे मत मला फार खरं वाटलं.

वालचंद कॉलेजमध्ये इंजिनिअरिंग करणारी आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी, तिला सुरुवात अजिबात झेपली नाही. खून व्हायच्या आधी किती पात्रं, कोण कुणाचा सावत्र, कोण कुणाची मैत्रीण, तिनं वहीत झाड काढलं तेव्हा कुठं पुढं सरकली. हेस्टिंग्ज तिला मंद वाटला. पुस्तकात घराचा नकाशा आहे, खोलीचा नकाशा आहे, चिठ्ठीचा तुकडा जसाच्या तसा छापलाय, ते मात्र तिला जाम आवडलं. तिचं म्हणणं, खुणा इतक्या पेरल्यात की शेवटी हिशोब लागला तरी दमायला होतं. गंमत म्हणजे १९२१ साली लंडनच्या टाइम्सच्या साहित्य पुरवणीनं पण हाच दोष काढला होता, की गोष्ट जरा जास्तच चातुर्यानं रचलीय. शंभर वर्षांपूर्वीचा लंडनचा परीक्षक आणि सांगलीची एकोणीस वर्षांची मुलगी एकच बोलतात म्हटल्यावर ती खूश झाली.

पण तिनंच आणखी एक गोष्ट काढली आणि ती काढली ते बरं झालं. पुस्तकात एक डॉक्टर आहे, पोलिश ज्यू, विषांचा मोठा तज्ज्ञ, आणि त्याच्याबद्दल हेस्टिंग्ज आणि घरातली माणसं ज्या पद्धतीनं बोलतात ते आज वाचताना घाण वाटतं, तो परका आहे आणि ज्यू आहे एवढ्यावरच त्याच्याकडं संशयानं बघायचं. त्या काळात सगळेच असं लिहायचे, हे उत्तर मला पुरत नाही. पुस्तक आवडलं तरी हा डाग आहे, आणि पहिलं पुस्तक म्हणून तो पुसायचा नसतो. वकीलसाहेबांनी थोडी बाजू घेतली, पण काकूंनी मुलीलाच साथ दिली.

काकूंचं मत मी कधीच विसरणार नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही सगळे खुनी कोण, खुनी कोण करत बसलाय, मला त्या म्हातारीचंच वाईट वाटत राहिलं. घर तिच्या हातात, पैसा तिच्या हातात, दोन्ही सावत्र मुलगे मोठे होऊनही तिच्या तोंडाकडं बघत बसलेले, आणि ती सारखं मृत्युपत्र बदलतेय, कारण तिच्याकडं माणसं टिकवायचं तेवढं एकच साधन आहे. तिनं त्या दाढीवाल्याशी लग्न का केलं असेल हे घरातल्या एकानंही तिला प्रेमानं विचारलं नाही. काकूंचा आवाज थोडा बदलला होता. आमच्याकडं हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायला भाऊ पेढे घेऊन येतात, त्यांच्याही घरी असं काहीसं झालं होतं, ते त्या कधी सविस्तर बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. पण खुनाच्या गोष्टीत मेलेल्या माणसासाठी रडणारा वाचक मी पहिल्यांदा बघितला.

आणि माझे वडील. आप्पा ग्रुपमध्ये नाहीत, त्यांना इंग्रजी वाचता येतं ते फक्त औषधांच्या नावापुरतं. मिरजेत एका डॉक्टरांकडं तीस-बत्तीस वर्षं कंपाउंडर होते. मिक्श्चर बनवायचे, काचेच्या बाटलीला कागदाची पट्टी कातरून चिकटवायचे, एकेक खाच म्हणजे एकेक डोस. तर मी रोज रात्री दुकान बंद करून आल्यावर जेवताना त्यांना एक-एक प्रकरण मराठीत सांगायचे. त्यांना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, म्हणून ते "दाढीवाला", "औषधं देणारी पोरगी", "मिशीवाला" म्हणायचे. ती औषधं देणारी पोरगी कादंबरीतही रेडक्रॉसच्या डिस्पेन्सरीत कामाला आहे, तिचं वर्णन आलं की आप्पा जेवण थांबवून ऐकायचे.

स्ट्रिक्निन म्हटल्यावर लगेच म्हणाले, "म्हंजे कुचला. काजऱ्याच्या बिया. कोकणात झाडं हायत की." मग म्हणाले, "लई कडू असतंय. थेंबभर जरी पाण्यात पडलं तरी जिभंला कळतंय. म्हातारीला कळलं कसं न्हाई?" पुस्तकात पॉयरो आणि डॉक्टर यावरच डोकं फोडत असतात, कॉफीत लपेल का, कोकोत लपेल का. मी सांगितलं की ती रोज टॉनिक घ्यायची आणि त्यातच थोडं स्ट्रिक्निन असायचं, तर त्यांना नवल वाटलं नाही, इस्टन सिरपची बाटली त्यांनी डॉक्टरांच्या कपाटात बघितलेली, लोह, क्विनाइन आणि स्ट्रिक्निन, अशक्तपणावर द्यायचे.

चौथ्या की पाचव्या रात्री त्यांनी मला त्या टॉनिकच्या बाटलीबद्दल एक प्रश्न विचारला. अगदी साधा, कंपाउंडरच विचारेल असा. मी तेव्हा शेवट वाचलेला नव्हता त्यामुळं म्हटलं माहीत नाही आप्पा, आणि विसरून गेले. दोन दिवसांनी शेवटचं प्रकरण वाचलं आणि दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना मी तशीच खुर्चीवर बसले. तो प्रश्न इथं लिहीत नाही, लिहिला तर सगळं फुटेल.

पुस्तक आल्यावर औषधशास्त्राच्या एका नियतकालिकात, फार्मास्युटिकल जर्नलमध्ये, त्याची स्तुती आली होती, की विषांबद्दल या बाईनं जाणकारीनं लिहिलंय, न सापडणाऱ्या विषाचं थोतांड नाही, हिला आपलं काम कळतं. ख्रिस्तीनं आत्मचरित्रात हे आवर्जून सांगितलंय. न्यूयॉर्क टाइम्सनंही चांगलं लिहिलं होतं, पहिलंच पुस्तक असून मुरलेल्या लेखकाची चलाखी आहे वगैरे. पण मला वाटतं खरं वजन त्या औषधवाल्यांच्या मताला. कारण गोष्ट आवडली की नाही हे कुणीही सांगेल, पण ही बाई डिस्पेन्सरीत खरंच उभी राहिलीय हे औषधवालाच ओळखणार.

त्याच आत्मचरित्रात एक प्रसंग आहे तोही आप्पांना सांगितला. ती ज्याच्याकडं शिकायला जायची त्या फार्मासिस्टनं एकदा दशांशचिन्ह चुकवलं, औषध दहापट पडलं, ती शिकाऊ, त्याला तोंडावर सांगायची सोय नाही. तिनं ठेच लागल्याचं नाटक करून तो सगळा ट्रे खाली पाडला आणि पायानं चिरडला. हा माणूस खिशात क्युरारेचा, म्हणजे जहरी बाणाच्या विषाचा खडा घेऊन फिरायचा, ताकद वाटते म्हणून. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरीनं बरोबर केलं."

त्यानंतरच्या रविवारी आम्ही त्या पोराच्या स्पायरल प्रती परत उघडल्या. यावेळी पेन्सिली घेऊन. मी गोळ्यांचं सांगितलं, कुठल्या औषधाला किती वेळ लागतो ते त्याच्या वहीत लिहून दिलं. फौजदार मामांनी प्रेत सापडल्यापासून पहिल्या चोवीस तासांत ठाण्यात काय काय होतं ते क्रमानं सांगितलं. मुलीनं पात्रांचं झाड काढलं आणि दोन पात्रं एकच काम करतायत म्हणून एक उडव म्हणाली. काकूंनी विचारलं, पेवात मेलेल्या त्या हमालाची बायको पहिल्या प्रकरणानंतर कुठं गेली? तो नुसता लिहीत होता, मान खाली. मध्ये एकदा त्याचा चेहरा पडला, मला भीती वाटली, पण उठून गेला नाही.

पेवाबद्दल मात्र आमच्यातल्या कुणालाच काही कळत नव्हतं. पेव म्हणजे हळद ठेवायचं जमिनीखालचं खोल कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं, हरिपूरला अशी पुष्कळ होती, वर्षानुवर्षं हळद राहायची तरी कीड लागायची नाही, २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पाण्यात गेली. वकीलसाहेबांच्या ओळखीचे एक म्हातारे आहेत, तरुणपणी पेवं भरायचं-उपसायचं काम केलेले. आम्ही चौघं संध्याकाळी त्यांच्या अंगणात गेलो, पोरानं पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचलं. खुनी रात्री पेवाचं झाकण काढतो, प्रेत घेऊन आत उतरतो आणि वर येतो. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न्हाई बाळ. उघाडल्या उघाडल्या आत कोन उतरत न्हाई. आत हवा नसती. आदी उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील इजला तर मानूस बी इजतोय."

पोरगा वही हातात धरून तसाच बसला. त्याचं अख्खं पहिलं प्रकरण गेलं होतं. परतताना संगमाच्या घाटावर आम्ही थांबलो, पाणी उतरलेलं होतं, आणि तो एकदम म्हणाला, "ताई, मग तो खुनी आत उतरून मेला आणि ज्याला सगळे प्रेत समजतात तोच खुनी असला तर?" वकीलसाहेब पुढं गेले होते ते मागं वळून आले.

आता तो परत लिहितोय. गोळ्या न्यायला आला होता परवा.

आप्पांना हे सगळं सांगितलं. त्यांना पेवापेक्षा त्या औषधवाल्या बाईचंच पडलेलं. "नाव झाल्यावर तिनं ते काम सोडलं असंल की." मी म्हटलं, नाही आप्पा, दुसऱ्या महायुद्धात, एवढी मोठी लेखिका झाल्यावर, ती परत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या डिस्पेन्सरीत कामाला जायची. आप्पांनी बीपीची गोळी पाकिटातनं काढली, एक्स्पायरी बघितली, घेतली, आणि म्हणाले, "दुसरं पुस्तक कवा चालू करतीस?"